मनुष्यसंपादित जालसूची : प्रवेशाचे नियम आणि मराठी नोंदीचे गद्य

१

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात सूचीचा उपयोग सर्वच करतात. सूचीचा अभ्यास मात्र क्वचितच होतो. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग (१८०० ते १९३७) १९४३ मध्ये आणि दुसरा भाग (१९३८ ते १९५०) १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या बहुतेक प्रबंधांनी या सूचीचा आधार घेतला आहे. तरीही दात्यांनी एखादे पुस्तक अमुकच वर्गात का ठेवले, नोंदीत काय घेतले आणि काय वगळले, या निवडीमागे साहित्याची कोणती कल्पना होती, हे प्रश्न फारसे विचारले गेलेले नाहीत. सूची म्हणजे साधन, आणि साधनाला भूमिका नसते, असा एक अलिखित समज त्यामागे दिसतो.

हा समज किती अपुरा आहे, हे पाहण्यासाठी अगदी अलीकडच्या काळातील एक सूचीप्रकार विशेष उपयुक्त आहे. आंतरजालावरील संकेतस्थळांच्या, माणसांनी निवडून व वर्गवार लावून तयार केलेल्या निर्देशिका, अर्थात जालसूची, हा तो प्रकार होय. या सूचींत आपले संकेतस्थळ यावे म्हणून ते सुचविणाऱ्याला काही नियम पाळावे लागत. हे नियम वरवर पाहता कार्यालयीन स्वरूपाचे होते. नाव कसे लिहावे, वर्णन किती शब्दांचे असावे, वर्ग कसा निवडावा, एवढ्याच गोष्टी त्यांत येत. तथापि नीट वाचले असता हे नियम गद्याचे नियम होते, असे ध्यानात येते. इंग्रजीच्या घडणीत तयार झालेले हे गद्य मराठीत उतरविताना कोठे अडते, आणि त्या अडण्यातून मराठीविषयी काय कळते, एवढाच विषय प्रस्तुत लेखापुरता घेतला आहे. उदाहरणासाठी नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा हे गाव निवडले आहे. मोठ्या शहराची नोंद कशीही केली तरी शहर ओळखू येते. नियमांची खरी कसोटी लागते ती अशा गावापाशी.

२

जालसूचीचा इतिहास थोडक्यात असा सांगता येईल. जागतिक जालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीच १९९१ मध्ये ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ नावाची पहिली विषयवार सूची सुरू केली. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी जी यादी केली, तिचे पुढे ‘याहू’ झाले. भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्याच वर्षी मुंबईच्या राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ उभारले. त्याच्या परिवारात ‘खोज’ ही भारतीय संकेतस्थळांची निर्देशिका होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये हा सारा उद्योग सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. एका यादीलाही बाजारात किती मोल येऊ शकते, हे त्या व्यवहाराने अनेकांना प्रथमच कळले.

या सर्वांत नियमांच्या दृष्टीने सर्वाधिक अभ्यसनीय सूची म्हणजे ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’. ‘डीमॉझ’ या संक्षिप्त नावानेच ती अधिक ओळखली गेली. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी ती जून १९९८ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी ती नेटस्केपकडे आणि पुढे अमेरिका ऑनलाइनकडे गेली. सूचीचे काम स्वयंसेवक संपादक करीत. नोंदणीसाठी शुल्क नव्हते. याउलट, ‘याहू’ने व्यापारी संकेतस्थळांच्या परीक्षणासाठी वर्षाला २९९ डॉलर आकारण्यास सुरुवात केली होती. ‘डीमॉझ’मध्ये अखेरच्या काळात सुमारे ३८ लक्ष संकेतस्थळे दहा लक्षांहून अधिक वर्गांत विभागलेली होती आणि भाषांची संख्या नव्वदच्या आसपास होती. मराठी ही त्यांपैकी एक.

३

नियमांपैकी पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम क्रियापदात दडलेला होता. संकेतस्थळाचा चालक नोंद ‘करीत’ नसे. तो केवळ ‘सुचवीत’ असे. नोंद करणारा संपादक. सुचविलेले स्थळ स्वीकारलेच जाईल असे आश्वासन नव्हते, किती दिवसांत पाहिले जाईल याची मुदत नव्हती, आणि नाव व वर्णन यांत फेरफार करण्याचा पूर्ण अधिकार संपादकाकडे होता. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याशी याची तुलना करावी. त्या कायद्यान्वये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद होणे बंधनकारक होते. पुस्तक चांगले की वाईट, उपयुक्त की निरुपयोगी, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. सरकारी नोंदीचा हेतू पाळतीचा होता, परंतु त्या पाळतीमुळेच एकोणिसाव्या शतकातील किरकोळ पोथ्या-पुस्तिकांची नावेही आज आढळतात. जालसूचीचा हेतू उदार होता, पण ती निवड करीत होती. आणि निवडीत किरकोळ ते गळते.

निवडीचा निकष कोणता? मजकूर स्वतःचा आणि अन्यत्र न मिळणारा असावा. दुसऱ्या स्थळाची हुबेहूब नक्कल, केवळ अन्यत्र वळविणारे पान, अपूर्ण बांधणीचे स्थळ, किंवा निव्वळ दुसऱ्याचा माल खपविण्यासाठी दुव्यांची जुळवाजुळव, यांना प्रवेश नव्हता. एकच स्थळ पुनःपुन्हा सुचवू नये, असेही बजावलेले असे. घाई करून पुन्हा सुचविल्यास आधीची सूचना पुसली जाऊन नवी सूचना रांगेच्या शेवटी जाण्याचा संभव असे. उतावीळ अर्जदाराला एवढी शिक्षा पुरेशी होती.

यापुढचे दोन नियम मात्र भाषेच्या अभ्यासकाने थांबून वाचावेत असे आहेत. त्यांपैकी एक वर्णनाविषयी आहे, दुसरा वर्गाविषयी.

४

वर्णन साधारणतः २५ ते ३० शब्दांच्या आत असावे. त्यात स्थळावर काय आहे ते सांगावे, ते कसे आहे ते सांगू नये. प्रथम पुरुष नसावा. विशेषणांची आरास, आवाहने, उद्गारचिन्हे, एकाच शब्दाची पुनरुक्ती यांपैकी काहीही नसावे. शीर्षकात संस्थेचे वा स्थळाचे अधिकृत नाव असावे आणि वर्णनात ते पुन्हा येऊ नये. वर्गातील नोंदी सामान्यतः वर्णानुक्रमे लागत. त्यामुळे आरंभी यावे म्हणून नावाआधी एखादे अक्षर वा अंक जोडण्याची क्लृप्ती काही जण लढवीत, तीही निषिद्ध होती.

एक कल्पित उदाहरण घेऊ. खापरखेड्याच्या एखाद्या हौशी रहिवाशाने गावाविषयी स्थळ तयार केले आणि ते असे सुचविले : ‘आमच्या लाडक्या खापरखेड्याची संपूर्ण माहिती देणारे एकमेव, अप्रतिम व सर्वांगसुंदर संकेतस्थळ. सर्वांनी एकदा अवश्य भेट द्यावी!’ नियमांनुसार संपादक त्याचे रूप असे करील : ‘नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील गावाचा परिचय. औष्णिक वीजकेंद्र, परिसरातील कोळसा खाणी, शाळा, आठवडी बाजार व उत्सव यांची माहिती आणि छायाचित्रे.’

पहिल्या नोंदीत सोळा शब्द आहेत आणि माहिती शून्य आहे. दुसरीत वीस शब्द आहेत आणि त्यांतील एकही शब्द काढता येत नाही. या अर्थाने नियम निःसंशय हितकारक होते. मराठीत स्मरणिका, अहवाल, पुस्तकांची मलपृष्ठे आणि ग्रंथपरिचय यांत विशेषणांचा जो पूर येतो, तो पाहता अशा शिस्तीची गरज केवळ आंतरजालालाच होती असे नाही.

परंतु या फेरफारात आणखी एक गोष्ट घडली आहे. दुसऱ्या नोंदीतून क्रियापद नाहीसे झाले आहे. मराठी वाक्यात क्रियापदाच्या ठायी बोलणाराचे श्रोत्याशी असलेले नाते वसते. ‘भेट द्या’, ‘भेट द्यावी’ आणि ‘भेट दे’ यांतील भेद केवळ व्याकरणाचे नाहीत. सूचीचे गद्य क्रियापद टाकून देऊन हे नाते तोडते आणि त्यातून तटस्थता साधते. इंग्रजीतही वर्णने क्रियापदाविना लिहिली जात. तथापि तेथे क्रियापद गेल्याने आदर-अनादराचा प्रश्न सुटतो किंवा बिघडतो असे होत नाही. मराठीत तो प्रश्न क्रियापदावाचूनही उरतो, कारण आदर विभक्तीतही असतो.

‘तुकारामाचे अभंग’, ‘तुकारामांचे अभंग’ आणि ‘संत तुकाराम महाराजांचे अभंग’ ही तीन शीर्षके घ्यावीत. वर्णन तटस्थ असावे, उपाधी टाळाव्यात, हा नियम काटेकोरपणे पाळला तर पहिले रूप निवडावे लागेल. मराठी समीक्षेत ते रूढ आहे. त्यात अनादर नसतो, उलट जवळीक असते. पण तेच रूप वारकऱ्याला उणे वाटेल. दुसरे रूप मध्यममार्गी दिसते, तरी तेही तटस्थ नाही. आदरार्थी बहुवचन ही एक निवड आहे. म्हणजे मराठीत या ठिकाणी तटस्थ रूपच उपलब्ध नाही. जे लिहावे ते बाजू घेऊनच. इंग्रजीतील संपादकाला हा पेच कधी पडला नसेल.

विदर्भात हा पेच आणखी स्पष्ट होतो. ‘ग्रामगीता’कारांचा उल्लेख केवळ ‘तुकडोजी’ असा करणे येथील कोणालाही रुचणार नाही. ‘राष्ट्रसंत’ ही उपाधी मात्र नियमाच्या भाषेत गौरवपर ठरते. परंतु नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाल्यापासून तीच उपाधी संस्थेच्या अधिकृत नावाचा भाग झाली, आणि अधिकृत नाव जसेच्या तसे द्यावे हाही नियमच होता. तेव्हा एकच शब्द शीर्षकात आवश्यक आणि वर्णनात वर्ज्य, अशी स्थिती उत्पन्न होते.

५

वर्गाविषयीचा नियम असा : स्थळासाठी सर्वांत योग्य असा एकच वर्ग निवडावा आणि तो शक्य तितका नेमका असावा. स्थळ एखाद्या गावाशी निगडित असेल तर ते प्रादेशिक वृक्षात जाईल. स्थळाची भाषा इंग्रजी नसेल तर ते ‘जग’ नावाच्या शाखेत, त्या त्या भाषेखाली जाईल.

ही रचना पाहताच ग्रंथालयशास्त्राच्या जाणकाराला ड्यूईचे दशांश वर्गीकरण आठवेल. त्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ असा आहे. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक यांना स्वतंत्र दशके देऊन झाल्यावर, उरलेल्या सर्व भाषांसाठी राखलेल्या ८९० मध्ये, भारतीय भाषांच्या गटात, दशांशचिन्हानंतर दुसऱ्या स्थानी मराठी येते. जालसूचीतही मूळ वृक्ष इंग्रजीचा होता. कला, उद्योग, विज्ञान, समाज या त्याच्या शाखांवर भाषेचे नाव लिहिलेले नसे. ते लिहावे लागे फक्त इतरांवर. इंग्रजी सोडून उरलेल्या साऱ्या जगाला ‘जग’ म्हणावे, यात दुष्टावा नव्हता. वृक्ष लावणारा जेथे उभा होता तेथून त्याला तसेच दिसत होते. दात्यांनी दशांश पद्धतीचा आधार घेतला, पण त्यांची सूची केवळ मराठीची असल्याने त्यांना मराठी हा विषय समजण्याची गरज उरली नाही. मराठी ही तेथे जमीन होती, फांदी नव्हती.

आता खापरखेडा. नागपूरच्या उत्तरेला, कन्हान नदीच्या परिसरात वसलेल्या या गावाचे नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे ते तेथील औष्णिक वीजकेंद्रामुळे. २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक अशा पाच संचांची त्याची स्थापित क्षमता १,३४० मेगावॉट आहे. शेजारीच कोराडीचे वीजकेंद्र आहे, सिल्लेवाडा आणि वलनी येथे कोळशाच्या खाणी आहेत. उद्योगाच्या वर्गवारीतून पाहिले तर खापरखेडा हे ‘ऊर्जा’ या विषयातील एक उपनाम आहे. प्रादेशिक वृक्षातून पाहिले तर आशिया, भारत, महाराष्ट्र अशी उतरंड उतरून नागपूरच्या आसपास लागणारे एक गाव आहे; आणि गावासाठी स्वतंत्र वर्ग निघण्याइतकी स्थळे नसतील तर ते वरच्या वर्गात, जिल्ह्याच्या वा शहराच्या नावाखाली मिसळून जाणार. भाषेच्या वृक्षातून पाहिले तर ते मराठी शाखेतील एखादे पान आहे. या तिन्ही ठिकाणी तीन भिन्न खापरखेडी आहेत, आणि ‘सर्वांत योग्य असा एकच वर्ग’ हा नियम त्यांपैकी एकाची निवड करण्यास सांगतो.

निवडीने काय बिघडते, असे कोणी विचारील. समजा, खाणीत किंवा वीजकेंद्रात काम करणाऱ्यांच्या कविता एखाद्या स्थळावर एकत्र केल्या आहेत. ते स्थळ गावाच्या वर्गात गेले तर साहित्याच्या वाचकाला ते दिसणार नाही. साहित्याच्या वर्गात गेले तर तेथे त्यातील गाव दिसणार नाही. मराठी समीक्षेला हा प्रश्न नवा नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीचा उल्लेख वैदर्भी बोलीमुळे आणि परिसरामुळे बहुधा ‘प्रादेशिक’ या विशेषणासह होतो. नागपुरातच राहून लिहिणाऱ्या ग्रेस यांच्या कवितेला ते विशेषण कोणी लावीत नाही. दोघांचाही प्रदेश एकच, तरी एकाची नोंद प्रदेशाच्या शाखेत आणि दुसऱ्याची थेट काव्याच्या शाखेत. जालसूचीच्या नियमाने फक्त एवढेच केले की समीक्षेत मोघमपणे चालणारी ही विभागणी अर्जाच्या एका रकान्यात भरून मागितली. रकाना भरताना तरी ती विभागणी डोळ्यांसमोर येते, हा त्या नियमाचा गुणच म्हटला पाहिजे.

नावाचाही प्रश्न आहे. वीजकेंद्राच्या संदर्भात रोमन लिपीत हे नाव ज्या प्रकारे लिहिले जाते, त्यात ‘प’नंतर ‘ए’चे अक्षर असते, ते अक्षरशः वाचल्यास ‘खापेरखेडा’ होईल. अन्यत्र त्याच जागी ‘अ’चे अक्षर आढळते. याच सावनेर तालुक्यात खापा आहे, नागपूरला लागून खापरी आहे. देवनागरीत ही तिन्ही नावे स्पष्टपणे निराळी आहेत. रोमन लिपीत, आणि तेही परदेशातील स्वयंसेवकाच्या नजरेला, ती एकमेकांची लेखनभेदाने आलेली रूपे वाटू शकतात. ‘अधिकृत नाव द्यावे’ या नियमाने असे गृहीत धरले होते की प्रत्येक गोष्टीला एकच अधिकृत नाव असते आणि ते एकाच प्रकारे लिहिले जाते.

६

येथवर पाहिलेले प्रश्न कोणत्याही सूचीच्या बाबतीत उद्भवले असते. मराठीच्या बाबतीत मनुष्यसंपादित सूचीला जे आगळे महत्त्व होते, त्याचे कारण लिपीच्या संगणकीय इतिहासात आहे; आणि वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले आहे.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे आंतरजालावरील मराठी मजकूर बहुधा विशिष्ट टंकांवर अवलंबून असे. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशी त्या टंकांची नावे आजच्या तरुण प्राध्यापकांनाही परिचित असतील. त्यांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचाच असे. टंकाच्या साहाय्याने पडद्यावर केवळ आकृती देवनागरीची उमटे. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत इ, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठविला जाई. ‘कविता’ हा शब्द डी, एफ, ओ, आर, के असा साठे. त्यातही ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी नोंदली जाई, कारण हाताने लिहिताना ती आधी दिसते. टंक नसलेल्या वाचकापुढे या अर्थहीन अक्षरांची रांग उभी राही.

यंत्राला तर टंक दिसतच नाही. शोधयंत्र पाने वाचून त्यांतील शब्दांची अनुक्रमणी करते. त्याला ‘कविता’ या शब्दाऐवजी वरील पाच रोमन अक्षरे मिळत. दुसऱ्या टंकातील ‘कविता’ची अक्षरे आणखी निराळी. म्हणून त्या काळातील मराठी मजकूर यंत्राद्वारे शोधणे जवळजवळ अशक्य होते. तो मजकूर जालावर होता, पण जालाला तो वाचता येत नव्हता.

तो वाचू शकणारी एकच व्यक्ती होती : आपल्या संगणकावर योग्य टंक बसवून पान उघडणारा माणूस. त्याने पाहून, समजून घेऊन, पंचवीस शब्दांचे जे वर्णन लिहिले, तेवढेच यंत्राला कळणारे आणि शोधात सापडणारे. म्हणजे इंग्रजी स्थळासाठी सूचीतील नोंद ही एक जादा वाट होती. टंकबद्ध मराठी स्थळासाठी ती अनेकदा एकमेव वाट होती. पंचवीस शब्दांची मर्यादा, विशेषणांची बंदी, एकच वर्ग, हे सारे नियम इंग्रजी स्थळाला गैरसोयीचे ठरले तरी त्याचा मूळ मजकूर शोधयंत्रापुढे उघडा असे. मराठी स्थळाच्या बाबतीत नोंदीतून जे गळले ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने नव्हतेच. नोंद करणाऱ्याने ‘उत्सव’ हा शब्द घेतला आणि ‘कविता’ हा घेतला नाही, तर कवितांचा शोध घेणारा त्या स्थळापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उरत नसे.

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच होता. पण संगणक-प्रणालींनी त्याला पुरेसा आधार दिल्यावर, म्हणजे २००० नंतर, मराठी पाने हळूहळू त्यात आली. तेव्हा यंत्राला मराठी वाचता येऊ लागली. तरीही सर्व अडचणी मिटल्या असे नव्हे. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ मध्ये. तोपर्यंत कोणी ‘अ’वर चंद्र जोडून, तर कोणी हिंदीतील ‘ऍ’ वापरून काम भागवीत. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ‘र’ तर अजूनही दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. कागदावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. शिवाय संकेतांकांच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर. यंत्राने लावलेल्या अकारविल्हे यादीत ‘ळ’युक्त शब्द अनपेक्षित जागी सापडतात, त्याचे कारण हे.

७

राहिला प्रश्न संपादकाचा. ‘डीमॉझ’चा संपादक होण्यासाठी इच्छुकाने एखादा लहानसा वर्ग निवडून, त्यात समाविष्ट करण्याजोगी दोन-तीन स्थळे त्यांच्या शीर्षक-वर्णनांसह सादर करावी लागत. म्हणजे प्रवेशपरीक्षा नोंदलेखनाची होती. पदवी विचारली जात नसे. स्वतःच्या स्थळाशी असलेला संबंध मात्र उघड करावा लागे. आपल्या स्थळाला झुकते माप देणे आणि प्रतिस्पर्ध्याचे रोखून धरणे हे दोन्ही अपराध समजले जात. ते घडतच नव्हते असे नाही. तसे आक्षेप या सूचीवर वारंवार घेतले गेले आणि दिरंगाईची तक्रार तर सार्वत्रिक होती.

मराठी वाचकाला निवड करणारा संपादक अपरिचित नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचा आरंभ नागपुरातच झाला, आणि काय घ्यावे, काय वगळावे यावरून केतकरांशी वाद घालणारेही थोडे नव्हते. परंतु केतकरांचे नाव मुखपृष्ठावर होते. मतभेद कोणाशी आहे हे वाचकाला ठाऊक होते. जालसूचीतील नोंदीखाली लेखकाचे नाव नसे. त्यातच या सूचीची सामग्री श्रेयोल्लेख करून कोणालाही वापरता येई. गूगलने २००० ते २०११ या काळात आपली निर्देशिका याच सामग्रीवर चालविली. शोधाच्या निकालातही स्थळाच्या नावाखाली पुष्कळदा सूचीतीलच वर्णन दिसे. स्वतःच्या स्थळाचे अन्य कोणी लिहिलेले वर्णन नको असलेल्या चालकांसाठी २००६ मध्ये शोधयंत्रांनी एक विशेष सूचना मान्य केली. ती पानाच्या अंतर्भागात लिहिली की सूचीतील वर्णन दाखविले जात नसे. निनावी संपादकाने लिहिलेल्या दोन ओळी नाकारण्यासाठी जगभर एक संकेत ठरवावा लागावा, यावरून त्या दोन ओळींचे वजन लक्षात येते.

८

‘याहू’ची निर्देशिका डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाली आणि ‘डीमॉझ’ मार्च २०१७ मध्ये. तिच्या संपादकांनी पुढे ‘कर्ली’ या नावाने तो संग्रह चालू ठेवला, परंतु तोपर्यंत वाचकांची सवय बदलली होती. मराठीच्या दृष्टीने या घटनेचा एक परिणाम असा की टंकबद्ध काळातील जी स्थळे पुढे युनिकोडमध्ये आली नाहीत आणि नंतर बंद पडली, त्यांपैकी कित्येकांची उरलेली खूण म्हणजे सूचीच्या जुन्या प्रतींतील ती एक-दोन वाक्ये. पुस्तक नाहीसे व्हावे आणि दात्यांच्या सूचीतील नोंद तेवढी मागे राहावी, तसाच हा प्रकार.

फरक एवढाच की दात्यांच्या नोंदीत लेखक, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठसंख्या मिळते. त्यावरून हरवलेल्या पुस्तकाचा निदान आकार तरी कळतो. जालसूचीच्या नोंदीत स्थळ कोणत्या दिवशी पाहिले, त्यावर तेव्हा किती पाने होती, ती कोणत्या टंकात होती, मजकूर कोणाचा होता, यांपैकी वाचकापुढे काहीच येत नसे. इंग्रजी स्थळासाठी या तपशिलांची उणीव फारशी जाणवत नाही. मराठी स्थळाच्या जुन्या प्रती आज एखाद्या संग्रहात मिळाल्या तरी टंकाचे नाव ठाऊक नसल्यास त्या वाचताच येत नाहीत.

विदर्भातील मराठी संकेतस्थळांची अशी सूची अद्याप करता येण्याजोगी आहे, आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून ती करवून घेणे कठीण नाही. वर्णनाची तीस शब्दांची मर्यादा आणि विशेषणांची बंदी जशीच्या तशी ठेवावी. एकाच वर्गाचा नियम मात्र सोडावा आणि खापरखेड्याची नोंद गाव, उद्योग व साहित्य या तिन्ही ठिकाणी परस्परनिर्देशासह करावी. नावाची देवनागरी व रोमन अशी सर्व प्रचलित रूपे द्यावीत. व्यक्तिनामांना आदरार्थी रूप लावावे की नाही, हे सूचीच्या प्रस्तावनेत एकदाच सांगून टाकावे. प्रत्येक नोंदीखाली टंकाचे नाव, स्थळ पाहिल्याचा दिनांक आणि नोंद करणाऱ्याची आद्याक्षरे असावीत.